कीबोर्डचा थ्रेड: टर्मिनल एडिटरच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम मी बनवतोय. त्या एडिटरचा गाभा उभा राहिलाय. मजकूर रोपमध्ये (तुकड्यांच्या झाडासारख्या रचनेत) आहे, अनडू चालतं, शोध चालतो, सिंटॅक्सचे (कोडमधल्या शब्दांच्या प्रकारांचे) रंग दिसतात. अडचण एकच, पण सगळ्यावर पाणी फिरवणारी: सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच धाग्यावर, आहे. मोठी फाइल उघडून टायपायला लागलं, की रंगांचा हिशोब संपेपर्यंत दाबलेली बटणं कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टीटीवाय बफरमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतात आणि मग पाच-सहा अक्षरं एकदम पडद्यावर उमटतात. हात आणि डोळा यांची जोडी अशी तुटली, की लिहिणारा त्या एडिटरमध्ये पुन्हा बसत नाही.

माझ्या लेखी एडिटरचं पहिलं काम हे: दाबलेलं बटण हरवता कामा नये, त्याचा क्रम बदलता कामा नये, आणि ते कुणासाठी ताटकळता कामा नये. बाकी सोयी त्यानंतर.

मांडणी अशी ठरवली. एक वाचक थ्रेड, जो फक्त कीबोर्डचे बाइट वाचतो आणि त्यांचे इव्हेंट (‘हे बटण दाबलं’ अशा नोंदी) बनवतो. एक संपादन थ्रेड, मजकुराचा एकमेव मालक. रंग, शोध, सेव्ह ही कामं पाठीमागच्या थ्रेडांवर. मजकुराच्या बफरला म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक, लावायचा नाही. लॉक आला की रंगवाला तो किती वेळ धरून बसेल ते आपल्या हातात राहत नाही, आणि वाट बघावी लागते ती टायपणाऱ्याला.

१५ जानेवारी

इतरांनी काय केलंय ते वाचून काढलं. व्हिम या टर्मिनल एडिटरच्या आठव्या आवृत्तीत, २०१६ साली, जॉब (पाठीमागची कामं), चॅनेल (निरोपांच्या वाटा) आणि टायमर आले. बाहेरचे प्रोग्राम पाठीमागे चालू लागले, पण मजकुराला हात लावणारा थ्रेड एकच राहिला. त्याचाच फाटा असलेला निओव्हिम लिबयूव्ही या लायब्ररीच्या इव्हेंट लूपवर (घटना एकेक उचलून हाताळणाऱ्या फेऱ्यावर) बांधलेला आहे. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरच्या २६व्या आवृत्तीत, २०१८ साली, त्याच्या लिस्प भाषेचे थ्रेड आले, तेही आळीपाळीनं चालणारे.

सगळ्यात जास्त वेळ रॅफ लेव्हियन यांच्या झाय एडिटरवर गेला. रस्ट ही भाषा, रोप, आणि पडद्याची बाजू व गाभा या दोन वेगळ्या प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम), मधे जेसॉन या मजकुरी स्वरूपातले निरोप. २०२० साली त्यांनी स्वतःच मागे वळून बघताना लिहिलं, की प्रोसेस अशा वेगळ्या करणं फायद्याचं ठरलं नाही. सगळं असिंक्रोनस (उत्तराची वाट न बघता चालणारं) झाल्यावर साध्या गोष्टीही अवघड होऊन बसल्या. एवढं मोकळेपणानं लिहिणारे थोडे. त्यातून मी उचललं ते असं: बटणाचा मजकुरावर होणारा परिणाम एकाच जागी आणि लगेच व्हायला हवा. पाठीमागे ढकलायचं ते फक्त उशिरा आलं तरी चालेल असं काम. रंग उशिरा आले तर चालतात, अक्षर नाही.

१८ जानेवारी

टर्मिनल रॉ मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट जसाच्या तसा मिळेल अशा अवस्थेत, टाकण्याचं काम वाचक थ्रेड सुरू होण्याआधी मुख्य थ्रेडवरच उरकून घेतलं. कॅनॉनिकल मोड बंद, नाहीतर एंटर दाबेपर्यंत एक बाइट मिळत नाही. एको (दाबलेलं अक्षर आपोआप दाखवणं) बंद. सिग्नल (बटणांवरून कर्नल प्रोग्रामला देतो ते इशारे) बंद, म्हणजे कंट्रोल-सी आता नुसता ३ हा बाइट. आयएक्सऑन बंद, ते चालू राहिलं तर सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबणाऱ्याचा पडदा गोठतो आणि कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत सुटत नाही. टेलिटाइपच्या जमान्यातली ही सोय बहुतेक टर्मिनलांत अजून डीफॉल्ट चालू असते.

इथं थ्रेडांमुळे एक नवीन गाठ पडते. प्रोग्राम कोसळला तर टर्मिनल पूर्ववत करायला सगळे पॅनिक हुक, म्हणजे कोसळताना (पॅनिक होताना) धावणारा कोड, लावतात. रस्टमध्ये मुख्य थ्रेड सोडून दुसऱ्या थ्रेडवर पॅनिक झालं तर तेवढाच थ्रेड मरतो, प्रोग्राम चालू राहतो, पण हुक मात्र धावतो. रंगवाला थ्रेड मेला आणि हुकनं टर्मिनल जुन्या मोडमध्ये नेलं, तर एडिटर जिवंत आणि कीबोर्ड मुका, अशी अवस्था होते. म्हणून हुकमध्ये थ्रेडचं नाव तपासतो. पाठीमागचा थ्रेड असेल तर टर्मिनलला हात लावायचा नाही, संपादन थ्रेडला निरोप पाठवायचा आणि त्यानं नवा थ्रेड उभा करायचा.

२२ जानेवारी

एस्केप. टर्मिनलसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला या बटणानं छळलेलं असतं.

वरचा बाण दाबला की तीन बाइट येतात: २७, ९१, ६५. नुसतं एस्केप दाबलं की एकच, २७. ऑल्ट-जे दाबलं की २७ आणि मागोमाग जे. म्हणजे २७ हातात पडला तेव्हा पुढे काही येणार आहे की नाही, हे कळायला थांबण्यावाचून इलाज नाही. डेक कंपनीनं १९७८ साली व्हीटी-१०० हा टर्मिनल बाजारात आणला, त्याच्या या पद्धती आपण अजून वापरतोय. किती थांबायचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं. एनकर्सेस या टर्मिनलसाठीच्या लायब्ररीत डीफॉल्ट १००० मिलिसेकंद. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) अनेक वर्षं ५०० होतं. टीमक्सच्या आत व्हिम चालवणाऱ्याला एस्केप जड का वाटायचं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथं सापडायचं.

मी २५ ठेवलेत, आणि बदलता येतील अशी सोय दिली आहे. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर काम करणाऱ्याचे तीन बाइट कधी कधी वेगवेगळ्या पाकिटांतून येतात, त्याला जास्त लागतील. थ्रेड वेगळा असल्याचा फायदा इथं दिसतो: थांबतो तो वाचक थ्रेड, पोल या (काही आलं का ते बघत ठराविक वेळ थांबणाऱ्या) कॉलच्या टाइमआउटवर. त्या वेळात संपादन थ्रेड आलेले रंग पडद्यावर लावत असतो.

एक सोपा सुधार सापडला. २७ च्या मागोमाग १२८ किंवा त्याहून मोठा बाइट आला तर थांबायची गरज नाही. बाणाची किंवा फंक्शन बटणाची कुठलीही मालिका तशी सुरू होत नाही. मराठीत लिहिणाऱ्याचं एस्केप त्यामुळे जागेवर सुटतं. काही टर्मिनलं ऑल्ट आणि देवनागरी अक्षर मिळून असेच बाइट पाठवू शकतात, पण त्या जोडीला मी कुठलंच काम दिलेलं नाही.

२७ जानेवारी

देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइटांचा. वाचनाचा बफर १०२४ बाइटांचा. १०२४ ला ३ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे सलग मराठी मजकूर येत असेल आणि बफर पूर्ण भरत गेला, तर तीनपैकी दोन वेळा त्याचा शेवट अक्षराच्या मधोमध होणार. बफर ४०९६ केला तरी बाकी १ च. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. तिथं एक बाइट म्हणजे एक अक्षर, बफर कुठंही तुटला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र अक्षर तुटलं तिथं चौकट-प्रश्नचिन्ह उमटतं.

उपाय साधा. डिकोडर, म्हणजे बाइटांची अक्षरं करणारा भाग, स्वतःची अवस्था जपतो. अर्धवट राहिलेले एक-दोन बाइट तो धरून ठेवतो आणि पुढच्या वाचनाला जोडतो. एस्केपसारखा टाइमआउट इथं लावायचा नाही. अर्धं अक्षर म्हणजे पुढचं येणारच आहे. ते उशिरा आलं म्हणून पहिलं टाकून देणं चूक. नियमात न बसणारा बाइट आला तरच तो तुकडा सोडायचा.

कर्सरची गोष्ट निराळी. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे दहा कोडपॉइंट, तीस बाइट. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ च्या नियमांनी त्याचे चार तुकडे होतात: ज्ञा, ने, श्व, र. त्याआधीच्या नियमांनी सहा, कारण ज् आणि श् वेगळे पडत. बाणानं फिरताना जोडाक्षराच्या पोटात कर्सर अडकायचा तो यामुळे. लायब्ररी नवीन नियमांची आहे याची खात्री करून घेतली.

२ फेब्रुवारी

आज वहिनींना बसवलं. त्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग मशीनवर शिकून चाळीसची परीक्षा दिलेली, अजूनही हात तसाच चालतो, आणि मांडणी रेमिंग्टनची. मला असाच माणूस हवा होता. माझ्यासारखा थांबत थांबत टायपणारा क्रमाचे दोष कधीच उघडे पाडत नाही.

वाचक थ्रेडपासून दोन चॅनेल ठेवून बघत होतो. एकात मजकूर, दुसऱ्यात आदेश: बाण, बॅकस्पेस, सेव्ह. हेतू असा की मजकुराचे तुकडे गोळा करून एका झटक्यात रोपमध्ये घालता येतील. वहिनींनी चार ओळी टायपल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, वेलांटी मागच्या अक्षराला चिकटतेय. ‘माहिती’ बघा कसं झालंय.”

खरंच तसं होत होतं. बाइट नोंदवून बघितल्यावर कारण कळलं. रेमिंग्टन मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, जशी ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. इनपुट पद्धतीला (बटणांची देवनागरी करणाऱ्या प्रोग्रामला) मधे अदलाबदल करावी लागते, आणि टर्मिनलमध्ये तिला आजूबाजूचा मजकूर बघता येत नाही. काही इनपुट पद्धती मग असं करतात: वेलांटी पाठवून देतात, पुढचं अक्षर आलं की बॅकस्पेस पाठवून ती मागे घेतात, आणि मग अक्षर व वेलांटी योग्य क्रमानं पुन्हा पाठवतात. ‘मा’ नंतर ‘हि’ टायपताना माझ्या हाती आलेले बाइट:

२२४ १६४ १९१, १२७, २२४ १६४ १८५ २२४ १६४ १९१.

मधला १२७ म्हणजे बॅकस्पेस. तो आदेशांच्या चॅनेलमध्ये गेला, वेलांटी आणि ‘हि’ मजकुराच्या. संपादन थ्रेडनं आधी मजकूर उचलला, मग आदेश. पहिली वेलांटी ‘मा’ला लागून राहिली आणि बॅकस्पेसनं खाल्ली ती ‘हि’ची. हळू टायपलं तर हे दिसत नाही, कारण प्रत्येक बटणाच्या मधे दोन्ही चॅनेल रिकामे झालेले असतात.

निर्णय कायमचा: रांग एकच. मजकूर, आदेश, खिडकीचा आकार बदलल्याचा निरोप, सगळे एकाच चॅनेलमधून, आले त्या क्रमानं. तुकडे गोळा करायचे असतील तर संपादन थ्रेडनं रांगेतून उचलल्यावर करावेत, आणि आदेश दिसला की तिथं थांबावं.

याच बाइटांतून दुसरा निर्णयही पक्का झाला. बॅकस्पेसनं पूर्ण अक्षर पुसावं की एक कोडपॉइंट, यावर माझं मन डळमळत होतं. पूर्ण अक्षर पुसलं असतं तर वरच्या उदाहरणात ‘मा’ आणि त्याला चिकटलेली वेलांटी हा एकच तुकडा धरून सगळा गेला असता, आणि ‘माहिती’ची ‘हिती’ उरली असती. इनपुट पद्धतीनं एक कोडपॉइंट पाठवला आणि एकच मागे घेतला, ही तिची समजूत एडिटरनं मोडायची नाही. शिवाय हातानं टायपणाऱ्यालाही तेच हवं असतं. ‘कि’ची ‘की’ करताना फक्त वेलांटी बदलायची असते. पुढचं पुसणारं डिलीट मात्र पूर्ण अक्षर पुसतं. मूळ अक्षर काढून नुसती मात्रा मागे ठेवण्यात काही अर्थ नाही.

बदल करून वहिनींना परत दिलं. त्यांनी अख्खा अर्ज टायपला, “आता लागतंय नीट,” म्हणाल्या, आणि मग विचारलं की अक्षरं एवढी बारीक का. ते टर्मिनलच्या सेटिंगमधून मोठी करून दिली.

१० फेब्रुवारी

पेस्ट. टर्मिनलला २००४ क्रमांकाचा मोड चालू करायला सांगितलं, की पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी एस्केप-कंस-२००-टिल्ड आणि शेवटी २०१ येतं. हे नसेल तर एडिटरला पेस्ट आणि टायपिंग सारखंच दिसतं. दर ओळीला आपोआप इंडेंट (डावीकडची मोकळी जागा) लागून मजकूर जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातो. वाचक थ्रेड दोन खुणांमधलं सगळं एका इव्हेंटमध्ये भरतो. अनडूची पायरीही एकच.

पडदा रंगवण्याबाबत: प्रत्येक इव्हेंटनंतर रंगवायचं नाही. आधी रांग रिकामी करायची, मग एकदा रंगवायचं. खालचा बाण दाबून धरला आणि टर्मिनल हळू असेल, तर दर बटणाला रंगवणाऱ्या एडिटरमध्ये बोट उचलल्यावरही कर्सर पळतच राहतो. त्यावर काही जण जादाची बटणं टाकून देतात. ते मला पटत नाही. बटणं सगळी घ्यायची, गाळायची ती मधली चित्रं. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. रांग तेवढ्यात आटपली नाही तर मधे एकदा रंगवून पुढे जायचं, म्हणजे लांबलचक मॅक्रो (नोंदवून ठेवलेली बटणं) चालतानाही पडदा मेल्यासारखा वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

एडिटरमधून दुसरा प्रोग्राम चालवणं, उदाहरणार्थ लेस, फाइल पानापानानं दाखवणारा. एका थ्रेडच्या एडिटरमध्ये यात काहीच अवघड नाही, कारण मूल-प्रोसेस (आपण सुरू केलेला तो प्रोग्राम) चालू असताना आपण वाचतच नसतो. इथं वाचक थ्रेड जागा आहे. एकाच टर्मिनलवर दोघे वाचायला बसले, तर बाइट ज्याच्या हाती लागेल त्याचा. लेसमध्ये क्यू दाबावा आणि तो मागच्या एडिटरमध्ये उमटावा, असं होतं.

नुसता ‘थांब’ असा झेंडा ठेवून भागत नाही. झेंडा लावला तेव्हा वाचक थ्रेड आधीच रीड कॉलमध्ये अडकलेला असू शकतो, आणि पुढचा बाइट तोच गिळतो. म्हणून वाचक थ्रेड थेट रीड करत नाही. तो पोलवर बसतो, दोन डिस्क्रिप्टरांवर (कर्नलनं दिलेल्या वाटांच्या क्रमांकांवर) नजर ठेवून: कीबोर्ड आणि एक इव्हेंटएफडी, म्हणजे थ्रेडला जागं करायची घंटी. संपादन थ्रेड इव्हेंटएफडीवर टकटक करतो, वाचक पोलमधून बाहेर येतो, थांबल्याची पोच देतो, आणि पोच मिळाल्याशिवाय मूल-प्रोसेस सुरू होत नाही. पोच हा यातला खरा मुद्दा.

आणखी एक बारीक जागा. टर्मिनलचा मोड बदलताना टीसीसेटअ‍ॅटरला फ्लशचा पर्याय दिला, तर न वाचलेले बाइट कर्नल फेकून देतो. बहुतेक उदाहरणांत तोच पर्याय लिहिलेला सापडतो. लेस बंद करून लगेच टायपायला लागलेल्याची पहिली एक-दोन अक्षरं त्यात जातात. ड्रेनचा पर्याय वापरला की ती राहतात.

एडिटर तात्पुरता थांबवणाऱ्या कंट्रोल-झेडसाठीही हीच वाट वापरली: वाचकाला थांबवा, पोच घ्या, मोड पूर्ववत करा, मग स्वतःला थांबवा. सिग्नल सगळ्या थ्रेडांवर अडवून एकाच थ्रेडमध्ये सिगवेट या वाट बघणाऱ्या कॉलनं घेतो. खिडकीचा आकार बदलल्याचा सिगविंच हा सिग्नलही तिथं येतो आणि त्याच एका रांगेत जातो. सिग्नल हँडलरच्या आत चॅनेलला हात लावायचा नाही, कारण तिथं लॉक किंवा मेमरी मागणारं काहीही सुरक्षित नसतं.

२३ फेब्रुवारी

रद्द करणं. मोठ्या फाइलमध्ये शोधा-आणि-बदला चालू आहे, लिहिणाऱ्यानं कंट्रोल-सी दाबलं. तो इव्हेंट रांगेत उभा राहिला तर काम संपल्यावरच वाचला जाणार, म्हणजे निरुपयोगी. रांगेला वळसा घालू दिला तर क्रमाचा नियम मोडतो. ईमॅक्समध्ये टर्मिनलवर कंट्रोल-जी सिग्नल म्हणून येतो, एक झेंडा लावतो, आणि लांबलचक कामं तो झेंडा अधूनमधून बघतात.

मी प्रत्येक इव्हेंटला वाचक थ्रेडवरच अनुक्रमांक देतो. कंट्रोल-सी दिसलं की त्याचा क्रमांक सगळ्या थ्रेडांना लॉकशिवाय वाचता येणाऱ्या एका अ‍ॅटॉमिकमध्ये लिहितो, आणि इव्हेंट रांगेतही घालतो. ज्या बटणामुळे काम सुरू झालं त्याचा क्रमांक कामाजवळ असतो. काम मधेमधे अ‍ॅटॉमिक बघतं आणि तिथला क्रमांक आपल्यापेक्षा मोठा असेल तर थांबतं, केलेले बदल मागे घेतं. रद्द केल्यानंतर दाबलेल्या बटणांमुळे सुरू झालेली कामं आपसूक वाचतात. साधा झेंडा असता तर तो कुणी आणि कधी खाली घ्यायचा हा वाद उरला असता. आकड्यांची तुलना केली की तो वाद राहत नाही.

१ मार्च

रंग आणि सेव्ह. दोघांना रोपची प्रत मिळते, जी नुसती संदर्भ-मोजणी (किती जण वापरताहेत तो आकडा) वाढवून होते, मजकूर कॉपी होत नाही. प्रतीवर आवृत्ती क्रमांक असतो. रंगांचा निकाल परत आला तेव्हा मजकूर पुढे गेलेला असेल, तर बदललेल्या जागेच्या आधीचे रंग घ्यायचे आणि नंतरचे टाकायचे. सेव्ह तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, एफसिंक करून (डिस्कवर नक्की उतरवून), मग नाव बदलतं. हे निरोपही त्याच रांगेत येतात आणि त्यांना बटणांपेक्षा वरचढ मान नाही.

८ मार्च

डिकोडरची चाचणी लिहिली. वहिनींच्या ‘हि’चे दहा बाइट घेतले. दहा बाइटांत नऊ फटी, प्रत्येक फटीत वाचन तुटेल किंवा नाही तुटणार, म्हणजे ५१२ प्रकार. सगळे फिरवून बघतो आणि प्रत्येक वेळी तेच तीन इव्हेंट आले पाहिजेत: मजकूर, बॅकस्पेस, मजकूर. लगतचा मजकूर तुकड्यांत आला तर तुलनेआधी जोडून घेतो. बाणाच्या मालिकेसाठीही तसंच, फक्त तिथं घड्याळ चाचणीच्या हातात दिलंय, म्हणजे २५ मिलिसेकंद सरले की नाही हे चाचणी ठरवते. पेस्टची शेवटची खूण अर्धी तुटून येणं हा प्रकार यादीत आहे, अजून लिहायचा आहे.

थ्रेडांच्या अदलाबदलीसाठी थांबा-पोचची देवाणघेवाण लूम या चाचणीच्या साधनाखाली टाकली. शक्य त्या सगळ्या क्रमांनी ती चालवून बघितली जाते. रद्द करण्याचं अ‍ॅटॉमिक पुढच्या आठवड्यात त्याच वाटेनं.

त्यानंतर किटी या टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल. त्यात एस्केप स्वतःची पूर्ण मालिका म्हणून येतं, एस्केप-कंस-२७-यू, आणि थांबण्याचा प्रश्न मुळातून मिटतो. टर्मिनलला आधी विचारायचं, हो म्हणालं तर चालू करायचं, आणि बाहेर पडताना, मूल-प्रोसेस सुरू करतानाही, आठवणीनं बंद करायचं. ती जागा १६ फेब्रुवारीच्या थांबा-पोचच्या वाटेवरच आहे, त्यामुळे कोड तिथं जाईल.